तोंड घट्ट असलेलं घर

सकाळी वत्सलाबाईंनी अंगण सारवलं, उंबऱ्यावर रांगोळी घातली आणि माजघराच्या भिंतीवरचं रक्त ओल्या फडक्यानं पुसून काढलं. आज अभिमन्यूच्या पडताळणीला साहेब येणार होते.

दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात, जिथल्या कागदांच्या कपाटालाही पहारा असतो अशा कचेरीत, लेकाची निवड झाली होती. सिरसाळ्यात पेढे वाटून झाले. ठाण्यातली नोंद कोरी निघाली. आता गल्लीतली विचारपूस तेवढी राहिली होती.

"आई, ध्यानात ठेव," अभिमन्यूनं बजावलं होतं, "तिथं देशाची गुपितं असत्यात. घरातल्यांचं तोंड घट्ट हाय का, ह्येच बघाया येतो साहेब."

वत्सलाबाईंना ते पटलं. तोंड घट्ट ठेवण्यातच त्यांचा जन्म गेला होता. नवऱ्यानं वरवंट्यानं ठेचलेलं बोट त्या 'दारात सापडलं' म्हणून सांगत. नवरा गेला, बोट वाकडंच राहिलं. दळायला बसल्या की गुणगुणायच्या,

सासरचा ग जाच, जात्याला मी सांगितला
घरघरीच्या आड, हुंदका ग लपविला

काल सांजेला सून रोहिणी म्हणाली होती, "आता न्हाई सोसत. मी ठाण्यात जाते." अभिमन्यूनं तिला केसांना धरून माजघरात ओढलं. "केस झाली तर नोकरी जाईल, कळतंय का?" एकेका शब्दाला मुसळ पडत होतं. हाताचं हाड मोडल्याचा आवाज वत्सलाबाईंनी ऐकला आणि चुलीपुढून उठल्या नाहीत. मग त्यानं रोहिणीच्या तोंडात बोळा कोंबला, हात पाठीशी बांधले, तिला धान्याच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

साहेब साध्या शर्टात आले. गल्लीत विचारूनच आले होते. "शेजारच्या रुकसानाबाईसुद्धा म्हणाल्या, लई गुणी पोरगं. सूनबाई कुठे आहेत?"

"माहेरी गेलीय," अभिमन्यू म्हणाला.

चहा देताना वत्सलाबाईंचा ऊर भरून आला. "साहेब, घोर करू नगा. आमच्या घरातलं कायबी भायेर जात न्हाई. लई घट्ट तोंड हाय समद्यांचं."

साहेबांनी बशी खाली ठेवली. "मावशी, आम्ही उलटंच बघतो. ज्याच्या घरात दडवलेलं काही असतं, त्याला कुणी परका गाठतो. 'हे उघड करू का?' म्हणतो आणि सरकारी कागद काढून घेतो. गुपित सांभाळायला माणूस आधी मोकळा लागतो."

आतून धप्प आवाज आला.

"मांजर हाय," अभिमन्यू हसला.

पुन्हा धप्प. वत्सलाबाई उठल्या.

"कावून उठलीस? बस खाली!"

त्या थांबल्या नाहीत. कडीला हात लागला तोच अभिमन्यूनं आईचा अंबाडा धरून डोकं चौकटीवर आदळलं. कपबशा फुटल्या. साहेब मधे पडले, तर त्यांच्या ओठावर ठोसा बसला. कपाळाचं रक्त डोळ्यांत उतरत असतानाच वत्सलाबाईंनी वाकड्या बोटानं कडी ओढली.

रोहिणी बाहेर कोसळली. हात काळानिळा, सुजून भोपळा झालेला. वत्सलाबाईंनी तिचे हात सोडवले, तोंडातला बोळा काढला.

"मांजर न्हाई, साहेब. सून हाय माझी."

"आई, माझी नोकरी गं!"

"तुझ्या बापाला झाकलं, म्हणून तू असा निपजलास. आता न्हाई झाकायची."

साहेबांनी त्याला भिंतीशी दाबलं, मग धान्याच्या खोलीत ढकलून कडी घातली आणि ठाण्याला फोन लावला. दारात गल्ली गोळा झाली.

"साहेब, ह्यांना परत इचारा," वत्सलाबाई म्हणाल्या. "रुकसाना, तुझी-माझी भिंत एकच हाय. काय ऐकलंस गं?"

रुकसानानं मान खाली घातली. तिचा नवरा पाशा मागून पुटपुटला, "चल घरी. आपल्याला काय करायचंय?" ती गेली नाही. आत आली, ओढणी काढली आणि रोहिणीचा मोडका हात गळ्याशी बांधला.

"समदं ऐकलं, अम्मा. रोज ऐकतो आमी. घाबरून खोटं बोलले. साहेब, साक्षीत पहिलं नाव माझं लिहा."

साहेबांनी ओठाचं रक्त पुसलं, लिहून घेतलं आणि दारातल्या पुढच्या माणसाकडे पाहिलं.

"तुम्ही काय ऐकलंत?"