काहीही करा

कडेवर लेक भिंगरी, खांद्याला पर्स आणि हातात डब्याची पिशवी, अशा अवतारात तिने कोपरानेच बेल दाबली. पाळणाघरवाल्या काकूंनी दार उघडलं. बाहेरचं जाळीचं दार नुसतंच लोटलेलं होतं. कुलूप जिथे घासायचं तिथला रंग तेवढा उडालेला दिसत होता.

"ये," काकू म्हणाल्या. बस म्हणाल्या नाहीत.

आतल्या खोलीत गाद्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. भिंतीवरची चित्रं तशीच होती, मूल मात्र एकही नव्हतं. पाळणाघर बंद होऊन महिना होत आला होता. भिंगरी कडेवरून घसरली आणि आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन बसली, जणू कालच येऊन गेली होती.

"काकू, सोमवारपासून फक्त हिला ठेवाल का? कुणाला कळणार नाही. साहेब म्हणाले, सोय करा नाहीतर कायमच्या घरी बसा. सासूबाई आहेत घरी, पण त्यांचे गुडघे... ही जिन्याकडे पळाली तर त्या दारापर्यंतसुद्धा पोचायच्या नाहीत."

"नियम आहे ना आता."

तो नियम तिनेच आणला होता. रोज संध्याकाळी ती यायची तेव्हा दार सताड उघडं असायचं. एका दुपारी लवकर आली, तर भिंगरी ह्याच जाळीमागे गज धरून उभी, रडवेली, आणि कडीला कुलूप. तिने फोटो काढला. शेजारी काकू होत्या, पोरीचे डोळे पुसत. पण त्यांना उगाच त्रास नको म्हणून तिने त्यांना फोटोतून कापून टाकलं. वर लिहिलं, ‘ही मुलं आहेत की कैदी? काहीतरी करा!’

संध्याकाळपर्यंत फोटो जगभर झाला. ज्यांनी कधी पाळणाघराचा उंबरा पाहिला नव्हता तेही हळहळले. लोकांनी आपल्या नावापुढे कुलुपाची चित्रं लावली, ‘काहीतरी करा’ची घोषणा झाली, आणि सरकारने खरंच काहीतरी केलं. पाळणाघराच्या दाराला कुलूप नको, बाहेर पडायला दुसरं दार हवं, दारावर पगारी माणूस हवा. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना दुसरं दार कुठून फुटणार? मंत्र्यांनी तिला व्यासपीठावर बोलावलं. ‘एका आईच्या हाकेला आम्ही ओ दिली,’ म्हणाले. टाळ्यांनी तिलाही भरून आलं होतं. त्या गडबडीत काकूंची एकदाही आठवण झाली नव्हती, हे आठवून आता तिला स्वतःचीच चीड आली.

"तुमचंच बंद होईल असं खरंच वाटलं नव्हतं मला."

"मग कुणाचं होईल असं वाटलं होतं?"

तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडवला.

"पण काकू, कुलूप तुम्ही लावायलाच नको होतं."

काकू हसल्या. ते हसू काही बरं नव्हतं.

"इतकी वर्षं नुसती कडी होती, बाई. कुलूप कधीपासून लागलं, माहितीये? ही तुझी भिंगरी कडी काढून थेट रस्त्यावर गेली ना, त्या दिवसापासून. समोरच्या भाजीवाल्याने उचलून आणली. मी तुला फोन केला. काय म्हणालीस?"

तिला ऑफिसचा तो बोळ आठवला. काचेपलीकडून डोळे वटारणारे साहेब, आणि फोनवर हात धरून दबक्या आवाजात बोलणारी ती.

"‘काहीही करा’ म्हणालीस. ‘काहीही करा काकू, पण ती बाहेर पडता कामा नये.’ आणि फोन ठेवलास. मी खाली जाऊन कुलूप आणलं."

"मग तुम्ही हे कुठे बोलला का नाहीत?"

"कुठे बोलायचं? फोटोत मी होते का?"

तेवढ्यात जाळीचं दार करकरलं. भिंगरी कधी उठली ते दोघींनाही कळलं नव्हतं. काकू वयाला न शोभेल अशा धावल्या आणि जिन्याच्या तोंडाशी पोरीला पकडून आत घेऊन आल्या. दार लावून त्यांचा हात सवयीने गळ्याशी गेला, किल्ली असायची तिथे, आणि तसाच खाली आला.

त्यांनी कपाटाचा खण उघडून कुलूप काढलं, तिच्या पुढ्यात ठेवलं.

"हे घेऊन जा. पाळणाघराला चालत नाही ते. घराला चालतं. तिथे कुणी विचारायला येत नाही."

नको म्हणायला तिने तोंड उघडलं. पर्समध्ये फोन वाजला. ऑफिसचा होता.

"किल्ली मात्र एकच आहे हां. तू नेलीस की सासूबाईही आतच," काकू म्हणाल्या.

"चालेल," ती म्हणाली, आणि कुलूप डब्याच्या पिशवीत टाकलं.