माह्या खळ्यावरची बंदी

जळगाव जामोदच्या वरच्या अंगाले, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं वावर. सोजराबाई अन् तिची नणंद तानाबाई तिथं ज्वारीच्या सोंगणीले येत. निहाल जमातीच्या बाया. आपसात त्याईच्या बोलीत बोलत अन् खिदळत. मले एक अक्षर कळे नाही. वाटे, ह्या मलेच हसून राह्यल्या. डोकं आपलं पहिलेपासूनच गरम! एक दिवस खळ्यावर ठणकावलं, "इथं मराठीच बोलाची. जे कोणी तुमचं ते बोलन, त्याले सूपभर ज्वारी भेटणार नाही."

रास झाली की हरेक मजुराले सूपभर ज्वारी द्याची, हा आमचा रिवाज. त्या साली सोजराबाई आपल्या पोरीशी त्याईच्या बोलीत बोलली, अन् मी तिले रिकाम्या सुपानं वापस धाडलं. पोरगी विमल, पाच-सहा वर्षांची, पाहतच राह्यली. मले तवा लय मर्दुमकी वाटली.

याले वीस वर्षं झाली. महाराष्ट्र झाला, त्याच्या तिसऱ्या साली पुण्याचे एक प्रोफेसर टेपची मशीन घेऊन घरी आले. म्हणाले, "शेषराव, ही निहालांची भाषा मरते आहे. म्हातारी माणसं मुलांशी बोलली, तरच ती जगेल."

"हात्तीच्या! आमच्या सोजराबाईले बलावतो ना," मी म्हणलं.

सोजराबाई आली, विमलचा हात धरून. मशीन सुरू झाली.

"बोल व माय," मी म्हणलं.

"कोणाशी बोलू मालक? तानी मेली, तवापासून ती बोली तोंडातून निघाली नाही."

प्रोफेसरांनी विमलले विचारलं, "तुम्हाला येते का?"

"नाही जी. मायनं शिकवलीच नाही."

मले माहे शाळेचे दिवस आठवले. अकोल्याच्या बोर्डिंगात माह्या वऱ्हाडीले पोट्टे हसत, तवा मी कोपऱ्यात बसून रडलो होतो. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय? लाज वाटली, सरळ सांगतो. मान वर होईना.

मी म्हातारीच्या पुढ्यात बसलो, हात जोडले. "चुकलं माहं. पोरीशी बोल, माय."

सोजराबाईनं विमलकडे पाह्यलं. आधी हळूच आपल्या बोलीत दोन शब्द बोलली, मंग भराभर बोलाले लागली. डोळ्यातून पाणी गळे अन् ती हसे.

विमलचं तोंड पांढरं पडलं. तिनं झटकन मायच्या तोंडावर हात दाबला अन् मले म्हणे, "मालक, माफी करा. म्हातारीले भान राह्यत नाही."