विषाणूच्या कवचातली बारा लाल घरं

उद्या शाळेत विज्ञान प्रदर्शन, आणि दानेश्वरीचा विषाणू काही केल्या गोल होईना. त्याच्या कवचाला बत्तीस घरं असतात, हे तिनं नीट वाचलं होतं. म्हणून तिनं जाड कागदाचे बत्तीस षटकोन कापले, दोन दिवस खपून कडेला कड चिकटवली. पण सगळं सपाट पडून राहिलं.

"विषाणू हाय की पापड?" तिची मैत्रीण प्रतीक्षा म्हणाली. "तळायचा का?"

दानेश्वरीला रडू फुटायचं बाकी होतं. दोघी तो पापड घेऊन जुळे सोलापुरात शंकरप्पा सरांच्या घरी गेल्या. सर निवृत्त झाले होते, तरी पोरांची ये-जा थांबली नव्हती.

"सर, डिंकच खराब हाय," दानेश्वरी म्हणाली.

"डिंकाला कशाला बोल लावतेस?" सरांनी लॅपटॉपवर तसंच बत्तीस घरांचं कवच आणलं. "सावकाश फिरव. एकेका घराच्या कडा मोज."

"सहा... सहा... पाच!" ती थांबली. "सर, तुमच्या लॅपटॉपमधी बिघाड हाय."

"असंल की. त्या घराला लाल रंग दे. असे बिघाड अजून किती सापडतात, बघू."

बारा सापडले. तिनं दोनदा मोजले. मग सरांना विचारून लॅपटॉपच्या पडद्यावर मोठं कवच केलं. घरं बेचाळीस झाली, पुढं बहात्तर. षटकोन वाढत गेले, लाल घरं मात्र बाराच.

"बाराच का, सर?"

"आधी हातानं बघ. मग आपण दोघं शोधू."

तिनं पापडाच्या कडेचा एक षटकोन सोडवला. कडेपासून मध्यापर्यंत चीर दिली, एक त्रिकोण शेजारच्याखाली सरकवला. पाचच कडा उरल्या, आणि कागद आपोआप मधून वर उचलला गेला.

दानेश्वरीनं लगेच शेजारचा षटकोन सोडवायला घेतला. आता सगळंच सोडवायला हवं होतं.

"दोन दिवसांचं काम, दानू!" प्रतीक्षा ओरडली.

"गोल व्हायला पाहिजे की नको?"

कागद फाटू नये म्हणून सर पाण्याचं बोट फिरवत एकेक कड सुटी करून देऊ लागले. बारा षटकोनांना चिरा पडल्या. पडद्याकडं बघत मुली प्रत्येक लाल घराभोवती पाच षटकोन लावत गेल्या. कागद वाकला, वाटीसारखा झाला, तोंड आवळत आलं. शेवटचं घर दानेश्वरीनं झाकणासारखं बसवलं. बसलं.

प्रतीक्षानं विषाणू उचलून सगळीकडून बघितला. "लई भारी! चल, घरी."

दानेश्वरी जागची हलली नाही. "सर, लाल घरं तेरा केली तर?"

"तू गप की," प्रतीक्षा म्हणाली, "उद्या प्रदर्शन हाय!"

सर मात्र कोरा कागद शोधायला उठले होते.