वारा, पातं आणि दादाचे डोळे

होडीच्या मालकीणबाई बोलतात गोड, पण काम सांगतात कडू. "तुझ्या त्या सॉफ्टवेअरमधून मला एवढंच काढून दे," त्या म्हणाल्या, "होडी मागे पडते ती होडीमुळे की तुझ्या भावामुळे? भावामुळे असेल तर रविवारच्या शर्यतीत सुकाणू दुसऱ्याकडे."

शिडाच्या होड्यांचा वेग, दिशा, वारा यांची माहिती चाळून कुठे काय चुकतंय ते सांगणं हा माझा धंदा. सख्ख्या भावाचा निकाल लावायची वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं. दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून होडी रडतखडत चालली होती, हे खरंच होतं. डॉक्टरांनी डोळा ठणठणीत असल्याचं सांगितलं, तरी दादाचाच विश्वास उडाला होता. पूर्वी तो शिडाकडे बघून होडी चालवायचा. आता स्क्रीनवरच्या वाऱ्याच्या आकड्यावरून त्याची नजर हलत नव्हती.

होड्यांच्या शेडमध्ये मी लॅपटॉप उघडून बसले. दादा समोर एकच दोरी गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. वहिनी दारात उभी होती. होडीवरची शिडं तीच सांभाळते.

होडीच्या वाटेचा आलेख मी आधी उघडला. समोरून वारा असला की होडीला नागमोडी जावं लागतं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आमची होडी एकीकडे वाऱ्यात नाक खुपसून अडखळत होती आणि दुसरीकडे भरकटत होती. चूक सुकाणू धरणाऱ्याचीच दिसत होती. आता हे तोंडाने कसं सांगायचं?

"बोल की," दादा म्हणाला. "मला माहितीये. मीच मालकीणबाईंना फोन करून मोकळा होतो."

"गप्प बस जरा!" मी खेकसले. भीती वाटली की मला आधी राग येतो.

मग मी वाऱ्याच्या दिशेचा आलेख मोठा केला. होडी वळली की वाराही वळत होता. दर वेळी तेवढाच, न चुकता. वाऱ्याचं काय आमच्या घराण्याशी वैर आहे? वारा आपला जागेवरच होता, तो मोजणारं डोलकाठीच्या टोकावरचं पातं तिरकं बसलं होतं.

"रंग द्यायला डोलकाठी खाली काढली होती ना? पातं परत कुणी बसवलं?"

दादाच्या हातातली दोरी थांबली.

"ह्यांनीच की!" वहिनी म्हणाली. "डोळ्याला पट्टी असताना! मी बसवते म्हटलं, तर म्हणे माझ्या पात्याला कुणी हात लावायचा नाही."

"मला सरळच दिसत होतं," दादा पुटपुटला.

मला हसू आवरेना. पात्याचा तिरकेपणा मी सॉफ्टवेअरमध्ये वजा केला आणि वारा शहाण्यासारखा एका जागी थांबला.

"दादा, आकडाच चुकीचा होता. पण त्या आकड्यावरून तू होडी केसभरही हलू दिली नाहीस. डोळे चांगले आहेत तुझे."

"परत सांग."

"डोळे चांगले आहेत. डोकं तेवढं तपासून घे."

मालकीणबाईंना मी तिथूनच फोन लावून सगळं सांगितलं. "मग सुकाणू राहू दे त्याच्याकडेच," त्या म्हणाल्या, "पण पातं तुम्ही दोघींनी बसवा."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. दादा मात्र खाली जमिनीवरच बसला.

"रोज सकाळी उठलो की आधी हिचा चेहरा बघायचो," तो म्हणाला. "कालच्याइतका स्पष्ट दिसतोय का, ते तपासायला."

"आणि मला वाटत होतं, प्रेमाने बघताय!" वहिनी म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली.