रिकाम्या कुपीची साक्ष

मी एक जुनी कुपी आहे. बोटभर लांबीची, धातूची आणि रिकामी. हसू नका मित्रांनो; रिकामे राहणे हेच माझे काम होते आणि ते मी चोख केले.

माझ्या वीस बहिणी तांबड्या ग्रहावरचे दगड आणायला निघाल्या. त्या दगडांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांच्या खुणा असतील, अशी आशा होती. मला साक्षीदार म्हणून सोबत धाडले. बहिणींना पृथ्वीवरची जी घाण चिकटेल ती मलाही चिकटणार. मग तिथली खूण कोणती आणि इथला डाग कोणता, हे मला विचारून ठरवायचे. घरात थोरलीला विचारतात ना, तसेच.

आठ वर्षांनी आम्ही परतलो. पहिल्याच बहिणीच्या दगडावर एक स्निग्ध पदार्थ सापडला, सजीवांपासूनच मिळणारा. तो शोधणाऱ्या संशोधिकेभोवती सारी प्रयोगशाळा गोळा झाली. दुपारी बातमी जाहीर करायचे ठरले.

"आधी साक्षीदार उघडा," ती म्हणाली.

"अहो बाई, रिकाम्या कुपीत काय सापडणार?" संचालक घड्याळाकडे पाहत म्हणाले.

"काही सापडू नये, म्हणूनच उघडायची."

मला उघडले. तोच पदार्थ माझ्यातही निघाला.

तेव्हा आम्हा कुप्यांची जुळणी करणारा कारागीर पुढे झाला. "ताई, हातांना भेगा पडल्या होत्या. बायकोनं दिलेलं मलम चोळलं आणि त्याच हातांनी हातमोजे ओढले; बाहेरूनही लागलं असणार. वाटलं, मोजे आहेत की!"

संचालकांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे आठ वर्षं वाट पाहिली ती तुमच्या मलमाची!"

संशोधिकेचे डोळे भरले होते, तरी तिला हसू फुटले. "कबूल केलंत, बरं झालं. आता ती डबीही आणून द्या. एकोणीस कुप्या उघडायच्या आहेत अजून. मलम कुठलं आणि दगड कुठला, ते कळायला हवं."

बातमी थांबली. संशोधिकेचे नाव कुठेही छापून आले नाही. मला काचेच्या कपाटात मानाची जागा मिळाली, आणि आता माझी नोंद वाचल्याखेरीज एकही कुपी उघडत नाहीत.

मित्रांनो, मनासारखे उत्तर न देणारा एक तरी साक्षीदार जवळ बाळगा आणि त्याची निगा राखा. हर्षाने उड्या मारण्याआधी त्याला विचारा. माझ्या संशोधिकेने विचारले. म्हणून उद्या ती "सापडलं" म्हणेल, तेव्हा कोणी तिला "नक्की का?" असे विचारणार नाही.