नवमीची सहल

सप्टेंबर सरता सरता तळ्याकाठचे मॅपल पेटायचे. आधी शेंडे, मग फांद्या, मग अवघा काठच केशरी, कुसुंबी, रक्तवर्णी. कॅनडातल्या त्या निश्चल, नितळ, नीलवर्ण जळात ते रंग उलटे उतरायचे. आणि त्याच दिवसांत, वर्षातून एकदा, शाल्मलीची सहल यायची.

एकच सहल, पण काय तिचा थाट! आई पहाटेपासून रांधायची. खीर, उडदाचे वडे, भात, वरण, वर तुपाची धार. केळीचं पान त्या थंड मुलखात कुठलं मिळायला? बाबा मॅपलची पानं काड्यांनी टाचून लाल पत्रावळ करायचे. पहिलं पान खडकावर वाढलं जायचं, शेजारी हिरव्या बांगड्या.

"आधी पाहुण्याला, मग आपल्याला," बाबा म्हणायचे. पाहुणा म्हणजे कावळा, एवढंच पोरीला ठाऊक.

सहा वर्षांची असताना तिला भूक आवरेना. कृष्णपंखी, तीक्ष्णचंचू पाहुणा पानाकडे आला, आणि तिनं दगड भिरकावला. कावळा उडाला. आई-बाबा रागावले नाहीत, हसलेही नाहीत. बाबांनी खडकाला हात जोडले. "पोरीला काही कमी पडू देणार नाही," ते पुटपुटले. कावळा परतला, वड्याला चोच लागली. शाल्मलीनं टाळ्या पिटल्या आणि पोटभर खीर खाल्ली.

गेल्या हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, बाबा गेले.

यंदा मॅपल पेटले तेव्हा शाल्मलीच्याही केसांत रुपेरी रेषा होत्या. ती आईला म्हणाली, "तळ्यावर जाऊ या ना. दोघीच."

"आता नाही जायचं गं. सवाष्णपणी गेलेलीची ती नवमी. नवरा असेपर्यंतच करतात. ह्यांच्याबरोबर संपली."

"कुणाची नवमी?"

आईनं पदराला हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. "कुमुदताईची. माझ्या थोरल्या बहिणीची. तुझ्या आईची. तू अकरा दिवसांची होतीस. मग मी ह्यांच्याशी लग्न केलं. तुला कुणी सावत्र म्हणू नये, म्हणून इतक्या लांब आलो."

फसवलं! खिरीनं फसवलं, वड्यांनी फसवलं, त्या लाल लाल पानांनी फसवलं. श्राद्धाला सहल म्हणून नेलं, वर्षानुवर्षं नेलं. जन्मदात्रीच्या पानावर तिनं दगड मारला आणि दोघांपैकी एकानंही तिचा हात धरला नाही. आई मिळाली, आणि त्याच क्षणी तिची नवमी संपली. समोरच्या बाईला आई म्हणावं की मावशी, हेही शाल्मलीला उमगेना.

नवमीला ती एकटीच गेली. रीत संपली असेल त्यांची, तिची तर आज सुरू होत होती. वडे फुटले होते, खीर करपली होती, पत्रावळ वेडीवाकडी टाचली होती. खडकावर पान वाढलं, बांगड्या ठेवल्या. वरच्या फांदीवर कावळा येऊन बसला.

"तुला विसरणार नाही," ती म्हणाली. कावळा हलला नाही.

"दर वर्षी येईन." तरी नाही.

ऊन कलंडलं, तूप थिजलं, जळावरची लाली काळवंडली. थोरल्या बहिणीला काय ऐकायचं असतं, ते शाल्मलीला हळूहळू कळलं. धाकटीला अंतर देणार नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. तिला ते म्हणवेना. खोटं बोलून घास खाऊ घालायची ह्या घरातली रीत तिला चालवायची नव्हती.

वारा सुटला. पत्रावळीच्या काड्या निसटल्या. एकेक लाल पान जळावर गेलं, दूर गेलं. खडकावर भात तसाच, बांगड्या तशाच. फांदीवर कावळा तसाच. आणि काठावर शाल्मली, मुकी, तशीच.