अब्दोनची दुसरी विधवा

अब्दोनच्या कबरीचा दगड कोरून झाला, धुऊन झाला, आणि मग त्याची बायको दोन्या एदेल्मीरा तो बघायला आल्या. बाईंचा चेहरा बघताच पाथरवट नेक्तारिओने ओळखलं, आज आपलं काही खरं नाही.

दगडावर गावाचं लाडकं वाक्य होतं. पाहुणा जायला उठला की सान कामिलोत जो तो हेच म्हणायचा: ‘अब्दोन, जायचं तर जा, पण बूट ठेवून जा.’ खाली, ‘त्याची विधवा’.

“हे मी कधी म्हटलं रे?”

“अख्खं गाव म्हणतं दोन्या, अब्दोनची विधवा म्हणाली.”

“अब्दोन गेला गेल्या महिन्यात. गाव वीस वर्षं हे म्हणतंय. तेव्हा मी विधवा होते?”

नवरा जिवंत आणि विधवा तयार, हे नेक्तारिओलाही जरा घाईचंच वाटलं.

“म्हणजे दुसरी कोणीतरी होतीच,” बाईंचा आवाज चिरकला. “रविवारच्या आत शोध. नाहीतर हा दगड तुझ्याच कबरीवर लाव. पैसे मागू नकोस.”

बेकरीवाली म्हणाली, न्हाव्याकडून ऐकलं. न्हावी म्हणाला, बेकरीवालीकडून. पाद्रीबाबा म्हणाले, बायबलात असेल, बघावं लागेल. शेवटी बसस्टँडवर म्हातारा फिलेमोन ड्रायव्हर उकडलेला मका खाताना सापडला.

“मीच म्हणालो,” तो म्हणाला.

“काका, तुम्ही अब्दोनची विधवा?”

“एक दिवस. वर्षअखेरीला जाळायचा पुतळा त्या साली अब्दोनसारखा केलेला. पुतळ्यामागे दरवर्षी एक पुरुष विधवा बनून रडतो, ती पाळी माझी. काळा झगा, जाळीचा पदर, मिशी तशीच. पोरांनी पुतळ्याच्या पायात माझे नवे बूट घातले आणि रॉकेल ओतलं की! मी ओरडलो, ‘अब्दोन, जायचं तर जा, पण माझे बूट ठेवून जा!’ लोक हसले. बूट जळाले.”

नेक्तारिओने त्याला मक्यासकट बाईंपुढे उभं केलं. ऐकता ऐकता त्या दगडावरच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या.

“मेल्या, तू होय! वीस वर्षं त्या बेकरीवालीवर संशय घेतला मी. पाव थेट रिओबांबा शहरातून मागवत होते!”

नेक्तारिओचा जीव भांड्यात पडला. “मग दगड?”

“राहू दे. फक्त ‘दुसरी’ कोर. पहिली मी आहे.”

“आणि ‘माझे’ राहिलंय,” फिलेमोन म्हणाला.

“‘बूट’ शब्दाच्या वर बारीक कोर रे. जीव अडकलाय त्याचा.”

रविवारी कबरीपाशी दोन विधवा होत्या. मिशीवाली जास्त रडली. तिच्या पायात दोन्यांनी दिलेले अब्दोनचे बूट होते, आणि ते चावत होते.